सेवापथकातले दिवस

(राष्ट्र सेवा दलाच्या जुन्या सैनिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



तरुण कार्यकर्त्यांकडून एक आक्षेप मी वारंवार ऐकतो. सेवा म्हणजे शोषणाच्या जखमेवरचे मलम. मलम लावीत बसलेला माणूस जखम करणाऱ्याचा हात धरीत नाही, असे ते म्हणतात. आक्षेप निराधार नाही. वर्षातून एकदा रुग्णालयात फळे वाटून छायाचित्र काढून घेणारी मंडळे तालुक्यातालुक्याला आहेत. परंतु त्याच मापाने सेवादलही मोजले जाते, तेव्हा मला बोलणे भाग आहे. माझ्या उमेदीची वर्षे तेथे गेली आणि ती फार आनंदात गेली.

आनंद हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आपल्या चळवळीत त्यागाच्या आठवणी भरपूर सांगितल्या जातात, मौजेच्या मात्र संकोचाने. १९४१ च्या जूनमध्ये एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दल उभे केले ते मैदानावर. खेळ, कवायत, गाणी आणि मग बौद्धिक, हा क्रम होता. संध्याकाळी शिट्टी झाली की वकिलाचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका रांगेत उभे राहत. मुली लेझीम खेळत. गावातल्या वडीलधाऱ्यांना तेच अधिक खुपे! निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसे सेवादलाच्या कलापथकातून पुढे आली. जेथे मनमोकळे हसण्याची मुभा असते, तेथेच असे कलावंत घडतात.

१९७३ च्या उन्हाळ्यात, दुष्काळ ऐन भरात असताना, आमचे पथक एका गावी नालाबांधाच्या कामाला गेले. त्या दिवसांत महाराष्ट्रात लाखो माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती, माती वाहत होती. पहिल्याच दिवशी आमच्या हातांना फोड आले. शेजारच्या कामावरची एक म्हातारी हसत म्हणाली, “आरं लेकरा, टिकाव असा न्हाय धरायचा,” आणि तिने तो धरून दाखवला. दुपारी सुकडी खाताना याच बायांनी आपले दुखणे सांगितले. मजुरी खोदाईच्या मापावर मिळे आणि माप कागदावर कमी भरे. आमच्यातल्या दोघा-तिघांना टेप धरता येत होता. त्यांनी खड्डे पुन्हा मोजले. फरक निघाला. आठवड्याच्या शेवटी त्या बायांचा मोर्चा तहसील कचेरीवर गेला. आम्ही मागे होतो, पुढे त्या होत्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. गावात एकाच विहिरीला पाणी होते आणि दलित वस्तीतल्या बाया घागरी घेऊन, कोणी वरून पाणी ओतील म्हणून, तासन्‌तास खाली बसून राहत. आमच्या पथकातही दलित मुले होती. त्यांनी विहिरीवर जाऊ नये, असा निरोप आला. त्या रात्री अभ्यासमंडळ मध्यरात्रीपर्यंत चालले. बांध अपुरा राहील, गाव बिथरेल, असे काहींचे म्हणणे पडले. त्यात तथ्यही होते. अखेर ठरले की पाणी भरायला साऱ्यांनी मिळून जायचे, नाहीतर कोणीच नाही. सकाळी आम्ही सारे गेलो. गावकऱ्यांनी भाकरी देणे दोन दिवस बंद केले. मग हळूहळू पुन्हा सुरू झाले. बांध पुरा झाला. पुढच्या वर्षी आमचा एक मित्र तेथे गेला, तेव्हा घागरी पुन्हा खालीच वाट पाहत होत्या.

म्हणूनच त्याच सुमारास डॉ. बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली, तेव्हा ती काय आहे हे आम्हांला कोणी समजावून सांगावे लागले नाही. गावोगावच्या विहिरींची पाहणी करायला जे निघाले त्यांत आमच्या पथकातले काहीजण होते. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क ठरला. त्या कायद्यामागे दुष्काळी कामांवरच्या असंख्य मोर्च्यांचा रेटा होता. आमच्या गावचा मोर्चा त्यांतला एक, लहानसा. खड्डा मोजला नसता तर तो निघाला नसता.

डॉ. लोहियांनी फावडे, मतपेटी आणि तुरुंग ही तीन साधने एका दमात सांगितली. पक्षाने मतपेटी धरून ठेवली, तुरुंगाच्या आठवणी जपल्या आणि फावडे कोपऱ्यात ठेवले, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर निराधार मुलांसाठी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे राहिले, ते सेवादलाच्याच माणसांनी. म्हणजे हात अजून शाबूत होते. मग तालुका समितीच्या बैठकीत तरुण का येत नाहीत, याची चर्चा आपण वर्षानुवर्षे का करीत बसतो? संध्याकाळी सहा वाजता अठरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने यावे असे आपल्याकडे आहे काय? बैठक आणि ठराव! त्यासाठी कोण येईल?

आमच्या तालुक्यात येत्या उन्हाळी सुटीत पाझर तलावातला गाळ काढण्याचे आठ दिवसांचे शिबिर आम्ही योजले आहे. त्या तलावाचे पाणी कोणाकोणाच्या शेतात जाते आणि कोणाच्या जात नाही, याची पाहणीही तेव्हाच करावयाची आहे. नावे मेळावा संपण्यापूर्वी द्यावीत. मुलींची राहण्याची सोय शाळेत केली आहे. घमेली आम्ही जमवली आहेत. टिकाव आणि फावडी कमी पडतील, ती ज्याची त्याने आणावीत.