नफ्याची शिल्लक आणि कर्जाचा भार

जोयडा तालुक्यात काळी नदीवर सुपे येथे १०१ मीटर उंचीचे धरण आहे. पावसाळ्यात अडविलेले पाणी पुढे कोरड्या महिन्यांत वीजनिर्मितीच्या कामी येते. उद्योगसंस्थेच्या नफ्याचेही असेच आहे. सुगीत राखलेली शिल्लक हीच तिची पडत्या काळातील बेगमी होय.

कंपनीचे भांडवल मुख्यतः दोन प्रकारचे असते : स्वतःचे आणि उसने. भागधारकांची रक्कम व साठविलेला नफा हे पहिले. बँकांचे व कर्जरोख्यांचे ऋण हे दुसरे. या दोहोंचे प्रमाण संचालक ठरवितात, असा समज आहे. वस्तुतः ते पुष्कळ अंशी धंद्याची कमाईच ठरविते. समजा, एका कंपनीत स्वतःचे ६० लाख व कर्जाचे ४० लाख रुपये आहेत. वर्षअखेर २० लाख तोटा आला, तर तो स्वतःच्या भांडवलातून वजा होतो आणि दोन्ही बाजू चाळीसांवर येतात. एक पैही नव्याने न घेता कर्जाचा भार वाढला! उलट तितकाच नफा धंद्यात ठेवला, तर हेच प्रमाण ८० ला ४० असे होते.

शेजारच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांच्या लोखंडी नांगरांना आरंभी गिऱ्हाईक मिळेना. १९१० मध्ये बेळगाव सोडावे लागले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. हे कर्ज ताळेबंद पाहून नव्हे, माणूस पाहून दिलेले होते. नांगर खपू लागले, कारखाना स्थिरावला, आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी नोंदली गेली. भागभांडवलाचा मार्ग असा कर्तबगारीच्या मागून खुला झाला.

याची दुसरी बाजूही आहे. १९२४ मध्ये टाटांची पोलाद कंपनी संकटात सापडली, तेव्हा सर दोराबजी टाटांना खासगी संपत्ती तारण ठेवावी लागली. गरज मोठी असते तेव्हाच पत आटते.

व्याजावर करात सवलत मिळते, म्हणून कर्ज स्वस्त भासते. परंतु लाभांश नफा नसल्यास थांबविता येतो. व्याज थांबत नाही. ते थकले, की कामगाराची चूलही धोक्यात येते. म्हणून सुज्ञ भागधारकाने लाभांश किती मिळाला एवढेच न विचारता, गंगाजळीत किती पडले, हेही विचारावे.