फळाचा अंगरखा



कामगार चळवळीतला माणूस फळांवर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते बाजाराच्या आवारात, हमालांच्या संगतीत आणि सार्वजनिक वाचनालयात. त्या आवारात एक फळवाली मला म्हणाली होती, “दादा, किती विकलं ते मागून मोजायचं, आधी किती फेकलं ते मोजायचं.” वैशाखात तिची अर्धी पाटी उकिरड्यावर जाई. आजचा विषय मला तिथे सापडला.

फळ झाडावरून तोडले म्हणजे मेले असे नव्हे. ते श्वास घेतच राहते. प्राणवायू ओढते, कर्बवायू सोडते, अंगातले पाणी गमावते. म्हणून ते सुरकुतते. सफरचंदाला निसर्गानेच मेणाचा पातळ थर दिलेला असतो. धुण्यापुसण्यात तो काहीसा जातो. मग वरून लेप देतात. तो मधमाशीच्या मेणाचा असतो, ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या पानांवरील मेणाचा असतो, किंवा आपल्याकडच्या लाखेचा असतो. लेपामुळे पाणी कमी उडते आणि श्वास मंदावतो. मात्र तो जाड झाला की फळ गुदमरते, आत आंबते व त्याला वास येतो. शिवाय लेप म्हणजे काही संजीवनी नव्हे. नासके फळ त्याने चांगले होत नाही, आणि थंडाव्याची गरजही सुटत नाही.

आता ही लाख येते कोठून? पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बारीक किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडतात, ती लाख. झारखंड-छत्तीसगडच्या रानांतले आदिवासी ती खरवडून काढतात. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्यावर संशोधन चालत आले आहे. पण चपडा करण्याची जुनी रीत ऐका. धुतलेली लाख लांब कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर पिळायची, पाझरलेला गरम रस पसरायचा आणि मग कारागिराने तो तावासारखा ताणायचा, हातांनी, पायांनी आणि दातांनीसुद्धा! फळावरच्या चकाकीमागे अशीही माणसे उभी आहेत. दुकानात ती कुणाला दिसत नाहीत.

आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत ताज्या फळांवर या मेणांना परवानगी आहे. पण लेप दिल्याचे लेबलावर सांगण्याची अट आहे. ही अट मला मोलाची वाटते. लाख किड्यापासून होते. कुणाला ती वर्ज्य असेल, तर त्याला ते आधी कळले पाहिजे. आणि शिळ्या मालाला चकाकी देऊन ताजा म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे, मग लेप कितीही नैसर्गिक असो.

मी लेपाच्या विरुद्ध नाही. अन्न वाया जाण्यापेक्षा टिकलेले केव्हाही बरे. माझे म्हणणे एवढेच की, फळाचे आयुष्य चार दिवसांनी वाढले, तर ते चार दिवस कुणाच्या पदरात पडले याचा हिशेब मागा. ते सारे गोदामवाल्याकडे गेले आणि लाख खरवडणारा, पेटी उचलणारा व पाटीवाली होती तिथेच राहिली, तर आपण फळाला अंगरखा घातला आणि माणसाला उघडे ठेवले, असे होईल.