विनामूल्य उपचारांची किंमत



प्रतिसरकार उभे राहिले तेव्हा सातारा आणि सांगली हा एकच जिल्हा होता. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयास आज क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे. त्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी एका साध्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. सरकारी दवाखान्यात केसपेपरसाठी स्त्रियांची एक रांग आणि पुरुषांची दुसरी असेल, तर तृतीयपंथी रुग्णाने कोठे उभे राहावे? आणि भरती व्हावे ते कोणत्या वॉर्डात?

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले. परंतु दर शून्य झाला म्हणजे किंमत शून्य होत नाही. जोगवा वा मंगती मागून जगणाऱ्याची बुडालेली दिवसाची कमाई, रांगेतील कुजबुज, नावाचा पुकारा होताच वळणाऱ्या माना, ही सारी किंमतच होय. ती परवडत नाही म्हणून ताप अंगावर काढला जातो, आणि दुखणे विकोपाला गेल्यावर खासगी डॉक्टरसाठी सावकाराचे दार ठोठावावे लागते.

कायद्याची उणीव होती असे नाही. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना रुग्णालयात योग्य उपचार मिळावेत असा आदेश शासनास दिला. 2019 च्या कायद्याने आरोग्यसेवा हे सरकारचे कर्तव्य ठरविले. 2022 साली वार्षिक पाच लाखांचे विमाकवच जाहीर झाले. पण त्यासाठी आधी प्रमाणपत्र हवे. घरातून हाकललेल्या माणसाकडे कागदपत्रांची पिशवी कोठून असणार?

शासनाने या समाजाकडे प्रथम पाहिले ते एचआयव्हीच्या भयाने. निधी आला तो त्या एका रोगापुरता. मोडलेला हात, मधुमेह, मनाचे आजार त्या हिशेबाबाहेर राहिले. सांगलीत मात्र निराळा धडाही मिळाला. 1992 मध्ये गोकुळनगरात 'संग्राम'ने एड्स प्रतिबंधाचे काम आरंभिले. त्यातून पुढे देहविक्रय करणारे पुरुष व तृतीयपंथी यांची 'मुस्कान' ही संघटना उभी राहिली. एकटा रुग्ण अपमान गिळून परततो. संघटित रुग्ण जाब विचारतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी निवेदनांवर थांबू नये. तालुक्यातालुक्यात रुग्ण कल्याण समित्या आहेत. तेथे तृतीयपंथीयांचा प्रतिनिधी बसावा, वॉर्डाचा नियम लेखी व्हावा, आणि पहिल्या दिवशी रांगेत त्यांच्या शेजारी आपला माणूस उभा असावा. समता घोषणेत सोपी असते. तिची परीक्षा केसपेपरच्या खिडकीपाशी होते.