शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती
(धायरी येथील ज्ञातिमेळाव्यातील भाषणाचा सारांश)



शस्त्रक्रिया आटोपून रुग्ण पुण्याहून धायरीस घरी आला, की वडील मंडळी बजावतात, ‘आता महिनाभर अंथरुणातून उठावयाचे नाही.’ ही माया खरी. परंतु तीच कधी जिवावर बेतते.

पोटरीचे स्नायू हलले म्हणजे पायांतील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. माणूस निश्चल पडला की ते संथ होते. त्यातच शस्त्रक्रियेमुळे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. अशा वेळी शिरेत गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकते, हे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४६ साली मांडले. मोठी गुठळी प्राणघातक ठरते.

म्हणून डॉक्टरांची अनुज्ञा मिळताच रुग्णास आधार देऊन चालवावे. गुठळी न होण्याचे औषध दिले असल्यास मुदतीपूर्वी बंद करू नये. खुब्याचा सांधा बदलल्यावर ते ३५ दिवसांपर्यंतही चालते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर तेल लावून चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. एकाएकी धाप लागली वा छातीत कळ आली, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानी धरावे, ही नम्र विनंती.