अक्षर दिसलं, तरच निरोप पोचला



आमची मोर्शी म्हणजे संत्र्याचा मुलूख. आमच्या गटांच्या संत्रा सरबताची, पापड-कुरड्यांची माहिती सगळ्यांना मिळावी म्हणून आम्ही एक वेबपान बनवलं. कर्जाच्या अर्जाची शेवटची तारीखही त्यावरच टाकली. कॉम्प्युटरवर सगळं झकास दिसत होतं. आम्ही खूश!

काही दिवसांनी खेड्यावरच्या एक मावशी फोन घेऊन आल्या. "काय लिवलं वं पोरी हे? मले तं काहीच समजून नाही रायलं." पाहतो तर 'संत्रा' शब्दाच्या जागी एल, ए, बरोबरचं चिन्ह आणि के! तक्ता इतका रुंद, की तारीख पडद्याच्या बाहेर गेलेली. मुदत आदल्या दिवशीच संपली होती. मावशींच्या शेळ्यांचं कर्ज पुढच्या खेपेवर गेलं. चूक त्यांची नव्हती, आमची होती.

मग आम्ही समजून घेतलं. मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये होता. अशा जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा. फोनमध्ये तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये मात्र 'क'ला, 'ख'ला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. १९९१ पासून देवनागरी त्यात आहे. विंडोजमधला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट तर आपल्या र. कृ. जोशींनी घडवला. आपण फोनवर मराठी टाइप करतो, तेही युनिकोडच.

आता आम्ही काही गोष्टी पाळतो. मजकूर युनिकोडमध्येच लिहितो. सूचनेचा नुसता फोटो टाकत नाही. लिहिलेली अक्षरं मोठी करता येतात, आणि जिला कमी दिसतं तिला फोन ती वाचूनही दाखवू शकतो. रुंद तक्ता करण्याऐवजी माहिती एकाखाली एक देतो. पानाची रुंदी पक्क्या मापाची नको, पडद्याप्रमाणे बदलणारी हवी, हे पान बनवणाऱ्याला आधीच सांगतो. दोन ओळींत मोकळी जागा सोडतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं ठेवतो. वावरात, उन्हातही ती वाचता आली पाहिजेत. आणि तारीख सगळ्यात वर.

शेवटचं काम सगळ्यात मोलाचं. पान खुलं करण्याआधी ते एका जुन्या फोनवर, एका नव्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर पाहतो. क्रोममध्ये पाहतो, फायरफॉक्समध्येही पाहतो.

जुना फोन त्याच मावशींचा असतो. त्या चष्मा लावून मोठ्यानं वाचतात. त्या अडखळल्या, की आम्ही दुरुस्त करतो. पुढच्या खेपेची तारीख त्यांनीच पहिल्यांदा वाचली, आणि अर्जही पहिला त्यांचाच आला.

तुमच्याही गटाची सूचना आज एखाद्या जुन्या फोनवर उघडून पाहा बरं.