तीन पाळ्यांचें घर

'गृहव्यवस्था' ह्या विषयावर मीं चार शब्द बोलावेत असें जेव्हां मला सुचविण्यांत आलें, तेव्हां माझ्या मनांत प्रथम तोच जुना आराखडा उभा राहिला. पहाटे उठावें, घर झाडून सारवून घ्यावें, दुपारीं बाराला पानें मांडावींत, रात्रीं आठाला सर्वांनीं एका पंगतीस बसावें आणि दहाला दिवे मालवावेत. शाळेंत मीं कित्येक वर्षें मुलांना हेंच शिकविलें, आणि तें चुकीचें होतें असें मी आजहि म्हणणार नाहीं. परंतु मी सध्यां जेथें राहतों, तेथें हा आराखडा लागू पडत नाहीं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत हजारों घरें अशीं आहेत कीं, ज्यांत रात्रीं आठ वाजतां एक मनुष्य यंत्रापाशीं उभा असतो, दुसरा झोपेंत असतो आणि तिसरा डबा भरीत असतो. अशा घराची व्यवस्था कशी ठेवावी, एवढाच माझा आजचा विषय आहे.

हा पट्टा पूर्वीं असा नव्हता. चिंचवड हें मोरया गोसावींच्या समाधीचें आणि चापेकर बंधूंचें गांव. चाकण हें कांद्याच्या बाजाराचें, आणि १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाहिस्तेखानाविरुद्ध जो किल्ला झुंजविला त्या किल्ल्याचें गांव. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि भोसरी-चिंचवडचीं माळरानें कारखान्यांनीं भरूं लागलीं. १९७० सालीं येथें नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २००९ सालीं चाकणास फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. शेतकऱ्याचें घर सूर्याबरोबर उठे आणि सूर्याबरोबर निजे. यंत्र मात्र सूर्याकडे पाहत नाहीं. मोलाचें यंत्र रात्रभर उगीच उभें ठेवणें मालकास परवडत नाहीं, म्हणून चोवीस तासांच्या तीन पाळ्या होतात. कारखान्यानें आपलें वेळापत्रक बदललें. घरांनीं मात्र आपलें जुनेंच वेळापत्रक चालू ठेवलें. आपल्या घरांतील पुष्कळशा कुरबुरींचें मूळ येथें आहे.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. माझा मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत आहे. त्याची पाळी आठवड्याआड बदलते. सूनबाई सकाळीं कचेरींत जाते. नातू शाळेंत जातो. मी निवृत्त झाल्यावर आम्ही उभयतां त्यांच्याकडे राहावयास आलों, आणि मास्तरकीची संवय सुटली नसल्यामुळें मीं घराला शिस्त लावावयास घेतली. जो घरीं असेल त्यानें बाराला आणि आठाला पानावर बसलेंच पाहिजे, असा माझा नियम. मुलगा रात्रपाळी करून साडेसातला येई, स्नान करून नऊच्या सुमारास आडवा होई. तेवढ्यांत कुकराच्या शिट्ट्या होत, मिक्सर फिरे, दाराची घंटा वाजे. आणि ठीक बाराला मी त्याला हलवून उठवीं, "अरे, ऊठ, चार घास गरम खाऊन घे, मग पुन्हां नीज." तो मुकाट्यानें उठून जेवे. पुन्हां पडल्यावर त्याला झोप येत नसे. मला वाटे, मी त्याच्यावर माया करतों आहें.

एका पावसाळ्यांत पहाटेच्या सुमारास, पाळी संपवून परत येतांना, चाकण रस्त्यावर दुचाकीवरच त्याचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेला चिखलांत गेली. चिखल मऊ होता आणि मागून ट्रक येत नव्हता, म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलें. डॉक्टरांनीं पट्टी बांधतां बांधतां एवढेंच विचारलें, "दिवसा झोपतां किती?" मुलानें माझ्याकडे पाहिलें नाहीं. "चार तास, तेहि तुकड्यातुकड्यांनीं," असें तो म्हणाला. घरीं आल्यावर सौ. मला म्हणाली, "अहो, शाळेंत मधली सुट्टी असते तें ठीक आहे. पण मुलाच्या झोपेला तुम्ही मधली सुट्टी कशाला देतां?"

श्रोतेहो, त्या दिवसापासून मीं ह्या विषयाकडे विद्यार्थ्याप्रमाणें पाहूं लागलों.

मनुष्याच्या शरीरांत एक घड्याळ असतें, ही नुसती कविकल्पना नव्हे. फळमाशीवर प्रयोग करून त्या घड्याळाची अंतर्रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतें. उजेड दिसला कीं शरीर जागें होऊं पाहतें. म्हणून दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षां स्वभावतःच कमी आणि उथळ असते. रात्रीं उशिरा जेवलें तर रक्तांतील साखर आवरण्याचें शरीराचें सामर्थ्यहि दिवसापेक्षां कमी पडतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००७ सालीं, आणि फेरविचारानंतर २०१९ सालीं, रात्रपाळीचें काम कर्करोगास बहुधा कारणीभूत होणाऱ्या गोष्टींच्या वर्गांत घातलें. हें मी आपल्याला भिवविण्यासाठीं सांगत नाहीं. पाळी आपल्या हातीं नसते. पण पाळीवरून आलेल्या माणसाला घर काय देतें, तें आपल्या हातीं असतें.

प्रथम घर नीटनेटकें करण्याविषयीं. त्या वर्षीं दिवाळीला दिवाणखान्यांत काचेचें नवें कपाट घेण्याचा आमचा बेत होता. तो रहित करून आम्हीं निजावयाच्या खोलीला जाड, गडद अस्तराचे पडदे केले, ते भिंतीपर्यंत रुंद केले, म्हणजे कडेनें ऊन शिरत नाहीं. दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी लावली. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेला पलंग समोरच्या भिंतीकडे नेला. दारावरच्या घंटेला बंद करण्याचें बटण बसविलें. प्रवेशद्वाराशीं शिरस्त्राणाला खुंटी, कारखान्याच्या बुटांना फळी आणि तेलकट कपड्यांना निराळी बादली ठेवली, म्हणजे ग्रीस व धूळ घरभर फिरत नाहीं आणि तान्ह्यांच्या कपड्यांत तीं मिसळत नाहींत. ज्यांचें घर एकाच खोलीचें आहे त्यांनीं आडवी दोरी बांधून जुन्या चादरीचा पडदा करावा, डोळ्यांवर मऊ काळी पट्टी बांधावी आणि पंखा चालू ठेवावा. त्याच्या एकसारख्या आवाजांत इतर आवाज बुडतात. घराची शोभा पाहुण्याला काय दिसतें ह्यावरून ठरविण्याची आपल्याला संवय आहे. माझ्या मतें दमून आलेल्या माणसाला ज्या घरांत सात तास सलग झोप लागते, तें घर सुशोभित होय.

आतां स्वयंपाकाविषयीं. शिट्टीचीं आणि मिक्सरचीं कामें निजणारा घरीं येण्यापूर्वीं उरकावींत. डाळ तासभर भिजवून ठेवली तर ती झांकण ठेवून साध्या पातेल्यांतहि चांगली शिजते. रात्रपाळीला जाणाऱ्यानें पोटभर जेवण निघण्यापूर्वींच करावें. मध्यरात्रीच्या डब्यांत हलकें अन्न असावें : एखादी भाकरी, उसळ, फळ, मूठभर फुटाणे-शेंगदाणे. चहाचा शेवटचा पेला रात्रीं दोनच्या आंत घ्यावा, कारण चहा-कॉफींतील उत्तेजक द्रव्य शरीरांत कित्येक तास राहतें. सकाळीं घरीं आल्यावर उपाशीहि निजूं नये आणि तडस लागेपर्यंतहि जेवूं नये; वाटीभर पोहे आणि पेलाभर ताक पुरे होतें. पुढचें जेवण तो आपण होऊन जागा होईल तेव्हां. त्याला कोणीं उठवूं नये, आजोबांनीं तर मुळींच नाहीं.

डब्याची आणखी एक गोष्ट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनांत ताटाचा सुमारें अर्धा भाग भाज्या व फळें ह्यांचा असावा असें सांगितलें आहे. आमच्या डब्यांत पूर्वीं पांच पोळ्या आणि दोन चमचे बटाट्याची भाजी असे. आतां दोन भाकऱ्या असतात आणि मोठ्या पुडांत भाजी असते. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. खेड-जुन्नरच्या शेतकऱ्याला बाजरीचें महत्त्व सांगावयास कोणाची गरज नव्हती, पण त्याच शेतकऱ्याचीं मुलें शहरांत आल्यावर मैद्याच्या पावावर राहूं लागलीं, म्हणून हें सांगावें लागतें.

दुसऱ्या पाळीचा मनुष्य मध्यरात्रीनंतर घरीं येतो. त्याच्यासाठीं अन्न ओट्यावर झांकून ठेवण्याची चाल घरोघर आहे. ती सोडावी. भात शिजला तरी कांहीं सूक्ष्म जंतूंचीं बीजें त्यांत जिवंत राहतात. भात तासन् तास उबदार हवेंत राहिला म्हणजे तीं वाढतात आणि विष उत्पन्न करतात, आणि तें विष पुन्हां ऊन केल्यानें जाईलच असें नाहीं. म्हणून उरलेलें अन्न पसरट भांड्यांत निववून दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावें, आणि खातांना वाफ येईपर्यंत ऊन करावें. शीतकपाट नसेल तर त्या माणसासाठीं भाताऐवजीं भाकरी आणि कोरडी भाजी ठेवावी.

हें सर्व करावयाचें कोणीं, हा खरा प्रश्न आहे. कारखान्याच्या पाळीला शेवटचा भोंगा असतो. आमच्या घरांत तिघांच्या तीन वेळा सांभाळतांना सौ.च्या कामाला मात्र सुट्टीचा भोंगा कधीं झालाच नाहीं. पहाटे पांचला सूनबाईचा डबा, दुपारीं नातवाचें जेवण, रात्रीं एकला मुलाचें पान. मुलाच्या झोपेचा हिशेब मांडतांना माझ्या लक्षांत आलें कीं, तिच्या झोपेचा हिशेब मीं उभ्या जन्मांत मांडला नव्हता. गृहव्यवस्थेवर मुलांना निबंध लिहावयास लावणाऱ्या ह्या मास्तरानें स्वतः कधीं चूल पेटविली नव्हती.

तेव्हां मीं शाळेप्रमाणें एक मोठा कागद घेऊन वेळापत्रक आंखलें. पण ह्या वेळीं तें हुकूम देण्यासाठीं नव्हतें. कामें माणसांना न वांटतां वेळेला वांटलीं. जो सकाळीं घराबाहेर पडेल त्यानें मटकी भिजत घालावी, जो संध्याकाळीं येईल त्यानें ती उपसून फडक्यांत बांधावी, दुसऱ्या दिवशीं जो घरीं असेल त्यानें उसळ करावी. २०१९ च्या नोव्हेंबरपासून आमच्या शहरांत दिवसाआड पाणी येऊं लागलें. पाणी भरण्याचें काम तेव्हांपासून ठरावीक एकाचें न राहतां त्या वेळीं जो जागा असेल त्याचें झालें. रात्रीं एकचें पान मुलानें स्वतः वाढून घ्यावें आणि ताट विसळून ठेवावें, हें सौ.ला पटविण्यास मात्र महिना लागला.

दुपारचा स्वयंपाक मीं माझ्याकडे घेतला. कमलाबाई ओगले ह्यांचें १९७० सालीं निघालेलें 'रुचिरा' सौ.नें माझ्यापुढें ठेवलें. त्यांतील वाटी-चमच्याचीं मापें माझ्यासारख्या अडाण्यासहि समजतात. तरी माझी पहिली भाकरी अशी झाली कीं, नातवानें विचारलें, "आजोबा, हें कोणतें बेट?" आज ती पुरेशी गोल होते, आणि कधीं कधीं फुगतेहि.

शेवटीं पंगतीची गोष्ट. ती मीं सोडलेली नाहीं. तिची वेळ मात्र बदलली. आमच्या पट्ट्यांत पुष्कळ कारखाने गुरुवारीं बंद असतात आणि शाळा रविवारीं. बापाची सुट्टी आणि मुलाची सुट्टी यांची गांठच पडत नाहीं. म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, गुरुवारीं संध्याकाळीं सातला सर्वांनीं एकत्र बसावें. पदार्थ साधेच असतात : पिठलें, भाकरी, चाकणचा कांदा आणि ताक. त्या वेळीं भ्रमणध्वनी कपाटावर ठेवले जातात. आठवड्याच्या चौदा जेवणांऐवजीं हें एकच जेवण एकत्र होतें. परंतु त्या पूर्वींच्या पंगतींत एक मनुष्य नेहमीं पेंगत असे, आणि ह्या पंगतींत सर्व जागे असतात.

परवां मुलगा रात्रपाळीहून आला आणि नऊला निजला. बाराला मीं संवयीनें त्याच्या दारापर्यंत गेलों. आंत अंधार होता आणि त्याचा श्वास संथपणें चालला होता. मीं दार हलकेंच ओढून घेतलें आणि आमटीखालचा विस्तव बंद केला. तो साडेतीनला उठला, आणि आम्हीं दोघांनीं ती आमटी ऊन करून घेतली.

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं असा कोणी रात्रीचा कामकरी असेल, त्यांनीं आज एवढेंच पाहावें कीं, दिवसा त्याच्या खोलींत उजेड कोठून येतो आणि त्याला कोण उठवितें. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.