जीर्णोद्धार आणि कारागिराचा हात
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



जीर्णोद्धार करावा तो कसा, या प्रश्नावर सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात मोठे वादळ उठले होते. आजच्या मंगल प्रसंगी ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

मध्ययुगात युरोपात टोकदार कमानींची, उंच मनोऱ्यांची चर्चे बांधली गेली. ती गॉथिक शैली. पुढे ती मागे पडली. एकोणिसाव्या शतकात कारखाने वाढले, तेव्हा विचारवंतांना त्या जुन्या बांधणीची पुन्हा ओढ लागली. १८३४ साली लंडनचे पार्लमेंट आगीत जळाले. नव्या इमारतीचे नक्षीकाम प्युजिन यांनी गॉथिक वळणाने रेखाटले. जॉन रस्किन यांनी ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ (१८५१-५३) या ग्रंथात मांडले की, गॉथिक कामातला ओबडधोबडपणा हा दोष नव्हे, तर कारागिराला मोकळीक होती याची ती खूण आहे. माणसाला यंत्राप्रमाणे राबवले तर काम गुळगुळीत होते, पण माणूस गुलाम होतो.

परंतु या प्रेमापोटीच जुनी चर्चे ‘सुधारण्याची’ लाट आली. जुना गिलावा खरवडला गेला, मधल्या पिढ्यांनी घातलेली भर पाडली गेली, आणि तिथे नवेच ‘जुने’ काम बसले. १८७७ साली ट्यूक्सबरीच्या चर्चचे काम सर गिल्बर्ट स्कॉट करणार असे वाचून विल्यम मॉरिस यांनी एका साप्ताहिकाला संतप्त पत्र लिहिले. त्याच वर्षी त्यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. ती आजही कार्यरत आहे. छप्पर वेळेवर शाकारा, पाण्याची वाट मोकळी ठेवा, खचलेली भिंत सावरा, पण काळाच्या खुणा पुसू नका, असा त्या विचाराचा सारांश आहे.

याच स्कॉटसाहेबांनी मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा केला. हिंदुस्थानात मात्र ते कधीच आले नाहीत. मनोरा १८७८ साली पुरा झाला. बोरीबंदर स्टेशन, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हेही गॉथिक धाटणीचे. १८८८ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीच्या कोरीव कामाला जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. शैली परक्याची, पण हात इथले.

मंडळी, पडले ते उभारावे, गळते ते बंद करावे. परंतु ज्या पायरीला पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी खळगा पडला, ती उखडून गुळगुळीत फरशी बसवण्यापूर्वी गावाने एकदा थांबून विचार करावा. फरशी पुन्हा विकत मिळेल. ती पावले मिळणार नाहीत.

जय हिंद! जय महाराष्ट्र!